हात खाली येईपर्यंत

१

सुनेत्राने हात वर केला की सगळ्यांनी गप्प बसायचं, आणि तिने हात खाली घेऊन "झालं, थँक यू" म्हणेपर्यंत हूं की चूं करायचं नाही, हा नियम होता. नवरा त्याला अपवाद नव्हता. उलट नवऱ्यालाच तो सगळ्यांत जास्त लागू होता.

हरीश आणि सुनेत्रा लीड्समध्ये राहून डॉक्युमेंटरी फिल्म बनवायचे. तो कॅमेरा आणि एडिटिंग बघायचा, ती आवाज. कुठेही शूटिंग आटोपलं की सामान आवरण्याआधी ती तिथल्या माणसांना आहे तिथे बसवायची, हात वर करायची आणि अर्धा मिनिट त्या खोलीची नुसती शांतता टिपून घ्यायची. कारण कुठलीच खोली खरी शांत नसते. कुठे फ्रिज गुरगुरतो, कुठे भिंतीतल्या पाइपमधून पाणी सरकतं. पुढे एडिटिंगमध्ये कुणाचं खोकणं कापलं की तिथे भोक पडतं, आणि ते त्याच खोलीच्या शांततेने बुजवावं लागतं. रफूला त्याच कापडाचा धागा लागतो तसं. फिल्मवाले याला रूम टोन म्हणतात.

लोकांना या प्रकाराचं हसू यायचं. पण हरीशच्या अंगात तो इतका भिनला होता, की एकदा मिल्टन कीन्सला त्याच्या आईकडे जेवताना सुनेत्राने केस वर बांधायला हात उचलला, तर हा बोलता बोलता वाक्याच्या मधेच थांबला. घास हातात, तोंड उघडं.

"बघा," श्यामलाताई म्हणाल्या, "इतकी वर्षं मी ओरडून दमले. हिने नुसता हात वर केला तर याची वाचा बसली."

सगळे पोट धरून हसले. हरीशही हसला, पण सुनेत्राचा हात खाली आल्यावर.

२

२००६च्या वसंतात ते मोल्दोव्हाला गेले होते. पंधरा वर्षांपूर्वीपर्यंत सोव्हिएत संघात असलेला हा चिमुकला देश. तरुण माणसं कामासाठी इटलीला, रशियाला निघून गेलेली. मागे राहिलेल्यांचा दिवस कसा उगवतो आणि मावळतो, एवढंच हरीशला दाखवायचं होतं. राजकारण नको, तज्ज्ञ नकोत. स्वयंपाकघरं, बसस्टँड, जिने.

जिने तर तिथे सगळे एकसारखे. खांद्यापर्यंत हिरवा ऑइलपेंट, वर पांढरा चुना. अशाच एका जिन्याने चौथ्या मजल्यावर गेलं की लिदियाबाईंचं घर लागायचं. दारातच पाहुण्यांसाठी सपातांची रांग मांडलेली. बूट काढून त्या घालाव्या लागत, आणि ही गोष्ट पुण्यात वाढलेल्या सुनेत्राला इतकी पटली की लीड्सला परतल्यावर आपणही हेच करायचं, असं तिने जाहीर करून टाकलं. लिदियाबाईंची टोमॅटोची लोणची, सणासुदीला काढायचे कप, भाजी निवडताना चाललेलं पुटपुटणं, सगळ्यांत ती रमली. बाईंची मुलगी इटलीत कुणा म्हातारीला सांभाळायला गेली होती, ती परत आलीच नव्हती. बस हॉर्न वाजवत होती म्हणून पोरगी घाईत निघाली, निघण्याआधी बसलीसुद्धा नाही, असं बाई पुन्हा पुन्हा सांगत. बसली नाही म्हणजे काय, ते तेव्हा कुणी विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी त्याच स्वयंपाकघरात सुनेत्राने सगळ्यांना बसवलं. हरीश कॅमेऱ्यामागे, दुभाषी इरिना खिडकीपाशी, लिदियाबाई टेबलाशी. सुनेत्राने हात वर केला. बाई जरा गोंधळल्या. मग त्यांनी ॲप्रन सारखा केला, हात मांडीवर ठेवले आणि देवळात बसावं तशा गंभीर बसून राहिल्या.

"झालं, थँक यू," म्हणत सुनेत्रा उठली.

लिदियाबाईंनी इरिनाला काहीतरी विचारलं.

"त्या विचारतायत, कोण निघालंय?" इरिना हसत म्हणाली. "आमच्याकडे कुणी लांबच्या प्रवासाला निघालं की घरातले सगळे असे क्षणभर गप्प बसतात. मग निघणारा पहिला उठतो. कुणी निघणारच नसेल तर असं बसत नाहीत. चांगलं नसतं, म्हणतात."

म्हातारीच्या चेहऱ्यावरची काळजी सुनेत्राला बघवेना. वडीलधाऱ्या माणसाचं मन मोडायचं नाही, ही तिला घरातून लागलेली सवय.

"सांग त्यांना, मी निघालेय," ती म्हणाली.

बाईंचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी सुनेत्राचं कपाळ चुंबलं आणि आणखी एक प्रश्न विचारला. कुठे?

सुनेत्रा केबल गुंडाळत होती. खाली टॅक्सी येऊन उभी होती. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहून गेलं.

३

लीड्सच्या घरी वरच्या मजल्यावरच्या चिमुकल्या खोलीत हरीशची एडिटिंगची मशीन्स होती. जूनमधल्या एका दुपारी त्याने लिदियाबाईंच्या स्वयंपाकघराचा रूम टोन लावला. फ्रिजची घरघर. नळाचं थेंब थेंब गळणं. छान टोन होता.

मग लाकूड करकरलं. कुणीतरी उठलं होतं. फरशीवर चार-दोन पावलं वाजली, कडी सरकली, दार उघडलं आणि बंद झालं. बंद होताना धातूचं काहीतरी दोनदा आपटलं. खट्, खट्.

त्याने चित्र तपासलं, कारण कॅमेरा तेव्हा चालूच होता. चित्रात कुणी उठत नव्हतं. लिदियाबाई बसलेल्या, इरिना बसलेली, कडेला सुनेत्राचा वर केलेला हात. दार वाजलं तरी कुणाची पापणी लवत नव्हती.

शेजारच्या फ्लॅटमधलं असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. त्या इमारतींच्या भिंती म्हणजे काय, पापडच. तरी त्याने सुनेत्राला बोलावून हेडफोन दिले.

"काही नाहीये रे यात," ती पूर्ण ऐकून म्हणाली. "फ्रिज आहे, नळ आहे. मस्त टोन आहे."

"पण ती आवाज, दाराची..."

"तो आवाज. दाराचा." इंग्लंडात जन्मलेल्या नवऱ्याचं मराठी सुधारणं हा तिचा जुना छंद. "आणि नाहीये तो. कान धुऊन ये. मी दूध घेऊन येते, संपलंय."

ती खाली गेली. हरीशने हेडफोन उतरवले आणि पुन्हा कानाला लावणार, एवढ्यात खालून आवाज आला. हॉलमधलं बूट घालायचं बाक करकरलं. फरशीवर चार-दोन पावलं. कडी. आणि दार बंद होताना त्यातल्या लेटरबॉक्सचं सैल पितळी झाकण आपटलं. खट्, खट्.

हरीश हातात हेडफोन धरून तसाच बसला. लिदियाबाईंच्या दारात लेटरबॉक्स नव्हता. त्यांच्या इमारतीत टपालाचे डबे तळमजल्यावर, जिन्यापाशी होते. त्याने त्यांचाही शॉट घेतला होता.

४

त्या दिवसापासून सुनेत्रा बाहेर निघताना बाकावर बसू लागली, की आधीपासूनच बसत होती आणि हरीशचं लक्ष आता गेलं, हे त्याला नंतर कधी नक्की सांगता आलं नाही. अंगात कोट, हात मांडीवर, नजर समोरच्या भिंतीवर. क्षणभर बसायची आणि उठून जायची.

"काय, लिदियाबाई?" त्याने पहिल्यांदा चिडवलं.

"चांगली सवय आहे," ती म्हणाली. "किल्ल्या विसरत नाही माणूस."

खरंच होतं ते. पण ते क्षणभर बसणं हळूहळू लांबत गेलं. एकदा तो चहा करायला खाली आला तेव्हा ती बसलेली होती, आणि चहा पिऊन कप विसळून झाला तरी बसलेलीच होती.

"कुठे निघालीयस?"

तिने विचार केला. खरोखर विचार केला, भुवया आक्रसून.

"निघायचंय एवढं कळतंय," ती म्हणाली. "कुठे, ते आठवत नाहीये."

हरीशने फोन करून वेळ घेतली. त्याने तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, झोप कशी लागते ते विचारलं, प्रवासाचा शीण असेल म्हणाले. सुनेत्रा तिथे छान हसतखेळत बोलली. परत येताना गाडीत त्याने तिला सगळं सांगितलं: टेप, बाक, झाकण.

"हरीश, ते रेकॉर्डिंग माझं आहे," ती त्याच्या गालाला हात लावून म्हणाली. "त्यात नसलेलं तुला ऐकू येतंय. मग डॉक्टरांना कुणाला दाखवायला हवं होतं?"

तोही मनाशी तेच म्हणत होता. डोकं फिरलं असेल तर ते आपलं फिरलेलं असू दे, सुनेत्राला काही नको, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

त्याच आठवड्यात इरिनाचा फोन आला. श्रेयनामावलीत नावं कशी लिहायची, ते विचारायला हरीशनेच तिला ईमेल केली होती. नावं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "लिदिया रोज विचारतात, तुमची बायको निघाली का. मी सांगते, अहो, ती तिच्या घरी पोहोचलीसुद्धा. त्यांना पटत नाही. सपाता काढून ठेवल्यात त्यांनी दारात. वय झालंय आता."

"त्यांना सांग, ती कुठेही येणार नाहीये," हरीश म्हणाला. त्याचा आवाज चढला होता.

"सांगते," इरिना म्हणाली. तिला वाईट वाटलं असावं.

५

मग हरीशने हातपाय हलवायला घेतले. लेटरबॉक्सचं झाकण त्याने आवळून बसवलं आणि आतून जाडसर लोकरी कापडाच्या पट्ट्या चिकटवल्या. दार दहा वेळा उघडून लावून पाहिलं. झाकण मुकं झालं होतं. आता ते टेपमधलं दार आपलं नव्हे, असं मनाशी म्हणत तो वर गेला आणि त्याने टेप लावली.

फ्रिज. नळ. बाकाची करकर, पावलं, कडी. दार मऊसूत बंद झालं. खट् नाही, काही नाही.

त्याने मूळ टेप काढून तपासली, कॉम्प्युटरवरची प्रत तपासली. दोन्हीकडे तेच.

दुसऱ्या दिवशी त्याने बाक उचलून चॅरिटी शॉपला देऊन टाकलं. संध्याकाळी सुनेत्रा कोट घालून जिन्याच्या सगळ्यांत खालच्या पायरीवर बसलेली दिसली. टेपमध्ये आता बाक करकरत नव्हतं. पायरी करकरत होती.

टेप जाळून टाकावी, असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण थर्मामीटर फोडला म्हणून ताप कुठे उतरतो? उलट काय होणार आहे ते कळायची तेवढीच वाट होती, तीही बुजली असती. त्याने टेप जाळली नाही. तो ऐकत राहिला. कडी आणि पावलं त्याची पाठ झाली होती. आता तो दुसरंच काहीतरी शोधत होता. तो स्वतःचा आवाज शोधत होता.

कारण ती निघेल तेव्हा आपण घरात असणारच. आपण तिला सोडून हल्ली कुठे जातच नाही. मग आपण हाक मारली असणार. "सुनेत्रा, थांब," एवढं तरी म्हणालो असणार. आवाज पूर्ण चढवून, डोळे मिटून त्याने तो अर्धा मिनिट ऐकला. पायरी करकरण्याआधी बघितलं, पावलांच्या मधे बघितलं, दार लागल्यावर बघितलं. कुठेही त्याचा आवाज नव्हता.

का नव्हता, हे काही केल्या त्याच्या ध्यानात येईना. आपण तोंड उघडणार नाही असं होईलच कसं? त्याने खोलीतल्या खोलीत ओरडून पाहिलं, "सुनेत्रा, थांब!" घसा ठणठणीत होता.

"काय रे?" सुनेत्राने खालून विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढंच तर करायचंय. हाक मारायची. ती मारली की ती शांतता मोडली, आणि शांतता मोडली की निघणारा उठणार नाही. त्याने आईलाही फोन करून सांगितलं, की सुनेत्राची तब्येत बरी नाही, तू ये. शनिवारच्या गाडीने येते, त्या म्हणाल्या.

६

शनिवार उजाडला तो लख्ख. समोरचा शेजारी रस्त्यावर गाडी धूत होता, कुठेतरी रेडिओ चालू होता. अशा सकाळी काही वाईट घडू शकतं, हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. हरीशने चहाचं पाणी ठेवलं आणि आई किती वाजता पोहोचेल ते फोनवर विचारायला तो हॉलमध्ये आला.

सुनेत्रा शेवटच्या पायरीवर बसली होती. अंगात कोट होता. पर्स नव्हती, किल्ल्या नव्हत्या. पायांत नुसते मोजे. बूट घातलेच नव्हते.

हरीशने तोंड उघडलं. शब्द तयार होता, ओठांवर होता.

सुनेत्राने हात वर केला.

तळवा त्याच्याकडे, बोटं जुळलेली. हजारदा करायची तसाच. चेहऱ्यावर कसलाच ताण नव्हता. कामात असताना ती दिसायची तशी दिसत होती, कान टवकारलेली, सुरेख. आणि हरीशचं तोंड मिटलं. त्याने मिटलं नाही, ते मिटलं. एवढ्या वर्षांत त्या हातापुढे ते एकदाही उघडं राहिलं नव्हतं.

घर शांत झालं. रेडिओ, गाडीवरचं पाणी, सगळं कुठल्या कुठे गेलं. मागे स्वयंपाकघरात फ्रिज घरघरत होता आणि नळ थेंब थेंब गळत होता. हरीशच्या घरातला नळ गळत नसे. तो फ्रिजही त्यांचा नव्हता. त्याने जिवाच्या आकांताने बोलायचा प्रयत्न केला. छाती भरून आली, घशाशी आवाज आला, आणि त्या हाताकडे बघत तो तिथेच थांबला.

पायरी करकरली. सुनेत्रा पहिली उठली. तिने त्याच्याकडे पाहिलं, हात तसाच वर ठेवला आणि दुसऱ्या हाताने कडी सरकवली.

दार उघडलं तेव्हा तिच्या खांद्यावरून हरीशला बाहेरचं दिसलं. तिथे कुंपण असायला हवं होतं, कचऱ्याचे डबे असायला हवे होते. तिथे भिंत होती. खांद्यापर्यंत हिरवा ऑइलपेंट, वर पांढरा चुना. खाली फरशीवर सपातांचा एक जोड, आत पाय सरकवायला सोयीचा असा वळवून ठेवलेला. आणि भिंतीच्या कडेला ॲप्रनचा एक कोपरा.

दार मऊसूत बंद झालं.

हरीशने झेप घालून ते उघडलं. कुंपण होतं, डबे होते, ऊन होतं. शेजाऱ्याने फडका हलवून 'मॉर्निंग' म्हटलं. हरीशच्या दारातून कुणीच बाहेर आलं नाही, असं त्याने त्या दिवशी पोलिसांना सांगितलं, आणि नंतरही तेच सांगत राहिला.

श्यामलाताई दुपारी पोहोचल्या तेव्हा हरीश जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसलेला होता. पोलिसांना त्याने सगळी उत्तरं नीट दिली: उंची, कोटाचा रंग, शेवटची कधी पाहिली. इरिनाच्या घरचा फोन कुणी उचलत नव्हता. पोलीस गेल्यावर त्याने वर जाऊन टेप लावली. पायरी नव्हती, कडी नव्हती. फ्रिज होता, नळ होता. सुनेत्रा बरोबर म्हणाली होती, मस्त टोन होता. अर्धा मिनिट झाला आणि तो नेहमीच्या 'झालं, थँक यू'ची वाट बघू लागला. प्रत्येक टोनच्या शेवटी तिचे ते शब्द असतातच. यातही होते, त्याने स्वतः ऐकले होते.

टेप पुढे जात राहिली. फ्रिज, नळ. शब्द आले नाहीत.

"अरे, नुसता काय बसलायस?" आई दारातून म्हणाल्या. त्यांचा आवाज रडून बसला होता. "बाहेर जा, शोध तिला, हाक मार. तिचं नाव घेऊन हाक मार रे!"

हरीशने आईकडे पाहिलं. त्याला हाक मारायची होती. जगात दुसरं काहीच करायचं नव्हतं. पण तिने अजून हात खाली घेतला नव्हता.